सहा इंच आणि एक स्टूल

बायको गेल्यापासून भिकाजी गावडे दुधाचे कॅन एकटेच पिकअपमध्ये चढवत आणि रोज घाटातून डेअरीला नेत. ओढ्यातले धोंडे गाडीच्या पोटाला घासायला लागले, तेव्हा गाडी दोन इंच उचलून घ्यायला ते तालुक्याच्या गॅरेजात गेले.

मालक वर्तकशेठ त्यांच्या विटक्या टोपीकडे बघून हसले. "दोन इंचांनी काय होतंय? सहा इंच उचला, काका! माझी बघा, कशी वाघासारखी उभी आहे. गाडीतलं तुम्हाला काय कळणार?"

"बरं. एकदा आत बसून दाखवा की," गावडे म्हणाले.

शेठनी ऐटीत पाय उचलला, पण तो पायरीपर्यंत पोचेना. "अरे, स्टूल आणा!" ते ओरडले. एका मेकॅनिकनं स्टूल ठेवलं, दुसऱ्यानं मागून टेकू दिला, तेव्हा कुठे शेठ सीटवर बसले.

गावडे शांतपणे म्हणाले, "बसवा सहा इंच. फक्त ही दोन माणसंही सोबत द्या, शेठ. माझ्या घरी हात द्यायला कुणी उरलं नाही."



"दोन इंच उचलायचं किट काढा रे," शेठ वरूनच पुटपुटले. स्टूल तोवर कुणीतरी उचलून नेलं होतं. त्यांना खाली उतरायला गावडेंनीच हात दिला.