चौथ्या पायरीखालची

त्या राज्यात सगळं एका चाकावर चाले. चाक फिरलं की ऊब, थांबलं की अंधार.

चाकाशेजारी चार पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरीवर एक बाई. सगळ्यांत वरची थोरली निखारा घेई आणि खालचीच्या ओंजळीत देई. निखारा एकेक पायरी उतरला की चाक थोडं फिरे, निखारा थोडा निवे. हातातला दिल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, ही तिथली रीत. आणि मान जी देते तिचा.

चौथ्या पायरीच्याही खाली, जमिनीवर, झुळूक उभी राही. ती इथली नव्हती. रोज वेशीच्या दारातून आत येई आणि निवत आलेला निखारा ओंजळीत घेई. चर्र व्हायचं, बोटांतून पाण्याचा थेंब पडायचा. बस, एवढंच. पुढे ती कुणाला काही देत नसे.

हे चाकावर देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या डोळ्यांत खुपायचं. एक दिवस त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "तू पुढे कुणाला देतेस गं?"

"कुणालाच नाही."

थोरली हसली. म्हणाली, आमच्या हातांना फोड येतात आणि ही बया थेंब सांडून मोकळी. मुकादमाने झुळुकेला बाहेर काढलं, दाराला अडसर घातला.

चौथीने निखारा पुढे केला. घ्यायला कुणीच नव्हतं. तिचे हात भरलेले, म्हणून तिसरीचे भरलेले, म्हणून दुसरीचे, थोरलीचे. चाक करकरून थांबलं.

मुकादम म्हणाला, घाबरायचं काही नाही, आपलं जुनं चुलाण आहे की. त्याने चुलाणात गूळ जाळला. उजेड पडला तो दोन पणत्यांएवढा, आणि खालून आंबट पाणी वाहू लागलं. ते घोट्यापर्यंत चढलं, मग पोटरीपर्यंत. वर आभाळ निळं पडलं, मग काळंनिळं. लांबून धप धप आवाज येऊ लागला, जसं काही कुणी राज्याची पाठ थोपटतंय.

थोरली आता हसत नव्हती. मुकादम दाराच्या फटीशी गेला. म्हणाला, ये आत, पण पुढे काहीतरी देईन असं कबूल कर.

"नाही करणार," झुळूक बाहेरून म्हणाली. "निखारा माझ्यापाशीच संपतो. त्यात लाजायचं काय? येईन तर अशीच येईन."

मग राहा बाहेर, म्हणाला तो.

तेव्हा चौथी आपल्या पायरीवरून खाली उतरली. आजवर कुणी जागा सोडली नव्हती. हात भरलेले, म्हणून तिने खांदा लावून अडसर उचलायला घेतला. मुकादम आडवा आला.

"हात पोळलेत माझे, मुकादम," ती म्हणाली. "तुमच्या ओंजळीत टाकू?"

तो बाजूला झाला.

झुळूक आंबट पाण्यातून चालत आली, आपल्या जागी उभी राहिली आणि तिने ओंजळ पुढे केली. चर्र झालं. एक थेंब पडला. चाक करकरलं, फिरलं.

आभाळाच्या कडेला गुलाबी उमटलं आणि पसरत गेलं. धपधप थांबली. मग सगळं राज्य हादरेल असं एक बाळ रडलं, आणि वरून कुणा बाईचा कापरा आवाज आला, "आला गं बाई श्वास. रड राजा, अजून मोठ्याने रड."