ढाल कुणाच्या पाठीवर

एका राज्यात सूर्य उगवेनासा झाला होता. तिथल्या राजाने कालदंष्ट्र मांत्रिकाच्या निरपराध मुलाला सुळी दिले होते. मांत्रिकाने पोराचा जीव एका किड्यात ठेवला, युवराज शतधन्व्याचा दुसरा किडा केला आणि राज्यावर काळोख पसरवला. राजा हाय खाऊन मेला. मागे उरली राणी कुमुद्वती.

एकदा मांत्रिक दरबारात आला. हातात चांदीची परात, परातीत दोन किडे: एक काळाकुळकुळीत भुंगेरा, एक हिरवा ढेकण्या.

"राणी, एक तुझा, एक माझा. एकाला स्वहस्ते चिरड. उरेल तो माणूस होईल."

तेव्हा खांबावर बसलेला पिंगळा पक्षी बोलला, "भय पाहा, भूक पाहा, पाठ पाहा."

राणीने परातीवर हात धरला. सावली पडताच भुंगेरा जीव घेऊन कडेकडेने पळत सुटला. ढेकण्या जागचा हलला नाही. त्याने अशी घाण सोडली की पिंगळ्यानेही मान फिरवली. मग तिने अळी ठेवली, वालाची शेंग ठेवली. भुंगेऱ्याने अळीचे लचके तोडले. ढेकण्याने सुईसारखी सोंड शेंगेत खुपसून निवांत रस ओढला. शेवटी तिने पाठी पाहिल्या. भुंगेऱ्याचे टणक पंख मधोमध सरळ रेघेत मिटलेले. ढेकण्याच्या पाठीवर तिकोनी ढाल.

प्रधान हर्षला. "महाराणी, ढाल म्हणजे राजकुळाची खूण! हा पळपुटा भुंगेरा चिरडावा."

राणी मांत्रिकाकडेच पाहत राहिली.

"कालदंष्ट्रा, हे दोन्ही देह तूच घडवलेस. याला ढाल दिलीस. पाखरू शिवू नये म्हणून दुर्गंध दिलास. कुणाचा जीव न घेता पोट भरावे, अशी सोंड दिलीस. आणि त्याला? पळ, मार, खा. आईबाप ढाल कुणाला देतात, हे मला कुणी सांगायला नको."

तिने ढेकण्यावर अंगठा टेकवला.

"नको!" मांत्रिक पायांवर कोसळला. "तुझा तू घे. माझा किडाच राहू दे, पण राहू दे!"

त्याने उलटा मंत्र म्हटला. भुंगेऱ्याच्या जागी शतधन्वा उभा राहिला आणि गवाक्षातून ऊन आत आले. नगारे झडले. मांत्रिक ढेकण्याला ओंजळीत घेऊन निघाला. राणी त्याच्यासोबत वेशीपर्यंत गेली.

"बाई, खरेच चिरडले असतेस?"

"चिरडले असते," राणी म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

राज्य सावरले, पिके आली, शतधन्वा गादीवर बसला. राणीने त्या राज्यातले सूळ तेवढे उपटून जाळायला लावले.