घरी ठेवलेली भीती

फार जुन्या काळची गोष्ट आहे. देव तेव्हा माणसांच्या हाकेला ओ देत, आणि राक्षस थेट गावाच्या वेशीपर्यंत येत. एका दाट रानाच्या कडेला एक गाव होतं. त्या गावात रणकेतू नावाचा वीर आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होता.

वीर म्हणजे कसा, तर सोळाव्या वर्षी त्याने फुटलेल्या बांधाला पाठ लावली आणि लोक माती टाकेपर्यंत दिवसभर तसाच उभा राहिला. विसाव्या वर्षी मातलेल्या हत्तीला सोंडेला धरून खाली बसवलं. तेव्हा त्याला भीती वाटत होती, बरं का. चारचौघांना वाटते तशीच वाटत होती. पण त्याची त्याला भारी लाज. हत्तीसमोर आपले पाय लटपटले हे कुणी पाहिलं तर नाही ना, या काळजीने त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी तो डोंगरावर गेला आणि त्याने शंकराची तपश्चर्या मांडली. ऊन झालं, पाऊस झाला, अंगावर वारूळ चढलं, तरी गडी हलला नाही. शंकर प्रसन्न झाले आणि म्हणाले, "माग."

"देवा, मला भीती नको."

"भीती नाहीशी करता येत नाही रे," शंकर म्हणाले. "ती प्रत्येकाच्या जिवाला बांधून दिलेली आहे. तुझी सोडवली तर ठेवायची कुठे?"

"घरी ठेवीन की. लढायला जाताना भीतीबिती घरी ठेवून जायची, एवढंच तर."

"नीट विचार करून बोलतोस ना?"

"यात विचार कसला करायचा?"

"तथास्तु," शंकर म्हणाले.

आता शंकर हा भोळा देव. माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं देऊन टाकतो. आणि आपल्या जिभेला हाड नसतं, आपण बोलून मोकळे होतो. घरी कोण आहे, हा साधा प्रश्न त्या पठ्ठ्याला पडला नाही.

पुढच्याच महिन्यात खड्गनख नावाचा राक्षस रानात उतरला. त्याच्या नखांनी झाडं उभी चिरत जात. रणकेतू गदा घेऊन निघाला. पाय लटपटले नाहीत, छाती धडधडली नाही. देवळात नारळ फोडायला जावं तसा तो निघाला, आणि तीन दिवस लढला.

इकडे त्याची आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. रणकेतूने राक्षसाला पहिली आरोळी दिली, त्याच क्षणी म्हातारीच्या हातून सूप पडलं. तिला काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं, पण अंगाला कापरं भरलं. ती उठली आणि धान्याच्या कणगीमागे जाऊन बसली. शेजारची गौतमी आत्या विचारायला आली. म्हातारी म्हणाली, "कुणीतरी मला मारायला आलंय गं. कोण ते कळत नाही." आत्याने घर पाहिलं, परस पाहिलं. कुठे चिटपाखरू नव्हतं.

तीन दिवस म्हातारी त्या कणगीमागे बसून होती. पाणीसुद्धा तिच्या घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी भर दुपारी राक्षसाने रणकेतूला खाली पाडून गळ्यावर नख ठेवलं. रणकेतू हसला आणि त्याने ते नख मोडलं. त्याच घटकेला घरी आई गेली. डोळे सताड उघडे होते, आणि ते काही केल्या मिटेनात.

वाजतगाजत आलेल्या रणकेतूला दारातच ही बातमी कळली. तो लहान मुलासारखा रडला. लोक म्हणाले, वय झालं होतं. त्यालाही ते पटलं. पटायला काय, सोयीचं असलं की सगळंच पटतं.

वर्षाने त्याचं लग्न झालं. बायकोचं नाव कुमुदा. शांत, कामसू आणि मुळीच भित्री नसलेली बाई. माहेरी असताना चुलीमागे निघालेला साप तिने चिमट्याने धरून बाहेर टाकला होता. पण सासरी आल्यावर तिला काय झालं कोण जाणे. रणकेतू पुरात उतरून राजाच्या गाई काढत होता, तेव्हा ती कोरड्या चुलीपुढे बसल्या जागी गुदमरली. नाकातोंडात पाणी गेल्यासारखी हातपाय झाडू लागली. गौतमी आत्याने पाठ चोळली आणि पाणवठ्यावर जाऊन सांगितलं, वीराची बायको चुलीला भिते म्हणून. बायका पोट धरून हसल्या.

मग त्रिदंष्ट्र राक्षसाने रणकेतूला विषारी सर्पांच्या गुहेत कोंडलं. आठ दिवस तो आत होता. आत त्याने झोपासुद्धा काढल्या. इकडे कुमुदा आठ दिवस डोळ्याला डोळा लावू शकली नाही. जमिनीवर पाय टेकवेना. माहेरी जाऊन पाहिलं, तर भीती तिथेही तिला हुडकत आली. घर म्हणजे काय नुसत्या भिंती असतात होय? रणकेतूचं घर म्हणजे ती होती, आणि ती जाईल तिथे त्याची भीती येणार होती. नवव्या दिवशी तिचे केस पांढरे झाले होते.

रणकेतू परत आला आणि वैतागला. "माझी बायको असून मांजराला दचकतेस? लोक मला काय म्हणतील, कुमुदे?"

तिने ताट वाढलं आणि ती म्हणाली, "गुहेतलं सगळं सांगा ना. पहिल्यापासून सांगा."

त्याला तेवढंच हवं होतं. कुठल्या दिवशी कुठला साप अंगावर आला, कधी गळ्याला विळखा पडला, सारं त्याने रंगवून सांगितलं. कुमुदा मुकाट्याने ऐकत होती. ज्या दुपारी विळखा पडला, त्याच दुपारी तिचा श्वास अडकला होता. पुराची हकीकतही तिने पुन्हा काढून घेतली. मग सासूबाईंची विचारली. शेवटी सहज विचारावं तसं विचारलं, "आणि देवाकडे तुम्ही नक्की काय मागितलंत हो?"

त्यानेही ते हसत हसत सांगितलं. कुमुदाच्या हातातली पळी तशीच राहिली. तिला सगळं कळलं.

बोलली मात्र नाही. बोलेल कशी? भीती परत गेली तर हा लढताना डळमळेल आणि मरेल, असं तिच्या मनाने घेतलं. आपण भ्यालो तर निदान हा जगेल. त्या दिवसापासून तो गदेला तेल लावू लागला की कुमुदा दार ओढून घ्यायची, खांबाला पाठ टेकायची आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून बसायची. बाहेर त्याचे पोवाडे चालायचे. आत ही हाडं वाजेपर्यंत कापायची. दर खेपेला तिच्यातलं थोडं थोडं कमी होत गेलं. हातात बांगडी राहीना, जेवण जाईना. पुढची एखादी लढाई आपल्याला घेऊन जाणार, हे ती ओळखून होती.

आणि मग अंधोदर आला.

अंधोदर धावत नसे, ओरडत नसे. तो येऊन नुसता बसायचा आणि जबडा उघडायचा. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. वर तो गोड आवाजात म्हणायचा, "शूर असशील तर जवळ ये." जवळ गेलेला परत आला नाही. शेजारच्या दोन गावांचे नामांकित मल्ल ताठ मानेने चालत गेले आणि सरळ त्या जबड्यात शिरले.

ऐन दुपारी तो रणकेतूच्या अंगणातच येऊन बसला. कुत्री केव्हाच पळाली होती. गोठ्यात गाईने दावं तोडलं. लोकांनी दारं लावून घेतली आणि फटींना डोळे लावले. रणकेतू गदा खांद्यावर टाकून बाहेर आला.

"शूर असशील तर जवळ ये," अंधोदर म्हणाला.

रणकेतू हसला आणि एक पाऊल पुढे गेला. मागे कसलातरी आवाज झाला. तो दुसरं पाऊल पुढे गेला. आवाज वाढला. कुणाचे तरी दात एकमेकांवर आपटत होते. आजवर तो नेहमी लांब, रानात लढला होता. घराच्या दारात लढण्याची ही पहिलीच वेळ. त्याने वळून पाहिलं.

कुमुदा उंबऱ्यावर पडली होती. चौकट धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. डोळे सताड उघडे होते. असे डोळे त्याने आधी एकदाच पाहिले होते, आईचे.

"माझ्याकडे बघू नका," ती कशीबशी म्हणाली. "समोर बघा."

"तुला काय होतंय?"

"तुम्हाला जे व्हायला हवं ते."

रणकेतू जागच्या जागी थिजला. डोंगरावरचं आपलं बोलणं त्याला आठवलं. घरी ठेवीन म्हणालो होतो. कुठे ठेवली ते आता त्याला समोर दिसत होतं. कणगीमागे बसून आईने काय सोसलं, तेही त्याच क्षणी कळलं. आणखी एक पाऊल पुढे टाकलं तर कुमुदा जाणार होती. यात शंका नव्हती.

"देवा," तो म्हणाला, "माझं मला परत दे."

"सगळं?" कानाशी आवाज आला. "आईने सोसलेलंही?"

"सगळं."

"समोर राक्षस आहे. निदान त्याला मारून होईपर्यंत थांबतोस का?"

"तोवर ती राहणार नाही. आत्ता दे."

आणि ती आली. आधी जीभ कोरडी झाली. मग गदा हातातून निसटू लागली. नखांची, पुराची, सापांची, इतक्या वर्षांची तुंबलेली भीती एकदम अंगावर कोसळली. त्याचं धोतर ओलं झालं. सांगायला लाज कसली, झालं ते झालं. त्याने पहिल्यांदा अंधोदरकडे नीट पाहिलं. त्या काळोखातून सडक्या मांसाचा वास येत होता. दातांत कुणाच्या तरी केसांची बट अडकली होती. आपल्याला एकच जीव आहे आणि तो आता इथे जाऊ शकतो, हे त्याला लख्ख कळलं.

परसाचं दार उघडं होतं. पळायला वाट होती. प्रत्येक हाड म्हणत होतं, पळ. उंबऱ्यावर कुमुदाने नुकताच एक मोठा श्वास घेतला होता. तो पळाला असता तर पुढचा घास तीच होती.

तो पळाला नाही. पण जवळही गेला नाही.

"ये ना जवळ," अंधोदर म्हणाला. "शूर ना तू?"

"नाही," रणकेतू म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "मला तुझी भीती वाटते. तूच ये."

असं अंधोदरला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. वाट बघून तो चिडला आणि उठला. रणकेतू उंबऱ्यापासून बाजूला, अंगणाबाहेरच्या वाटेकडे एक पाऊल मागे सरला. तो आणखी पुढे आला, हा आणखी मागे. फटींमागे कुजबूज झाली, रणकेतू पळतोय. कुणीतरी फिदीफिदी हसलंसुद्धा. रणकेतूला ते ऐकू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो घराकडे पाठ होऊ न देता, कापत कापत, राक्षसाला अंगणातून बाहेर नेत राहिला. आजवर तो कुठल्याच घावाला वाकला नव्हता. आज अंधोदरचा हात नुसता हलला की तो खाली बसायचा. एरवी नुसता बसून राहणारा अंधोदर गावभर फरपटून शेवटी दमला. त्या अगडबंब पोटाला चालायची सवयच नव्हती. शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या उतारावर तो पोटावर आपटला. तेव्हा रणकेतू थरथरत पुढे झाला आणि दोन्ही हातांनी गदा उचलून त्याने त्याच्या मानेवर घातली. मेला आहे याची खात्री पटेना, म्हणून आणखी चारदा घातली.

मग तो तिथेच बसला आणि पोटातलं सगळं ओकला.

लोक ढोल घेऊन आले. रणकेतूने हात जोडून त्यांना थांबवलं, कारण कुमुदा उंबऱ्याला डोकं टेकून गाढ झोपली होती. उन्हं कलली तरी ती हलली नाही. तो तिच्या शेजारी बसून होता. हातांचा कंप अजून थांबला नव्हता. पान पडलं तरी दचकत होता.

तिला जाग आली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"भीती वाटते का हो?"

"फार," तो म्हणाला. "इतकी तू कशी सोसलीस?"

तिने त्याचे कापणारे हात आपल्या हातांत घेतले आणि ती कितीतरी वर्षांनी हसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता जपून जाल."

तात्पर्य एवढंच: मला कशाचीच भीती वाटत नाही असं जो सांगतो, त्याच्या घरात जरा डोकावून बघावं, त्याच्या वाटची भीती तिथे कुणीतरी मुकाट्याने सोसत असतं. आपली भीती आपण सोसावी आणि कापत्या पायांनी का होईना, उभं राहावं. शौर्य त्यालाच म्हणतात.