सल्लागार तांबडी

दूध संस्थेचं अध्यक्षपद गेल्यावर आबा संस्थेचे सल्लागार झाले. काम उरलं नाही, मान आणि चहा मात्र चालू राहिला. एकदा ओट्यावर संचालक जमलेले असताना ते नातीला म्हणाले, "मयूरी, तुझी तांबडी कोंबडी म्हातारी झाली, अंडी देत नाही. आयतं खाणारं माझ्या दारात नको. तिचं एक तरी काम सांग, नाहीतर रविवारी रस्सा."

तांबडीला मयूरीनं पिल्लापासून वाढवलं होतं.

"काम आहे की, आबा," ती म्हणाली. "पहाटेपासून कलकलाट करते, दिवसभर तरण्या कोंबड्यांना टोचते आणि दाणे टाकले की सगळ्यांत पुढे असते. ती आता खुराड्याची सल्लागार आहे."

संचालक आपापल्या कपात बघत राहिले.

रविवारी बटाट्याचा रस्सा झाला. आबांनी तो दोनदा मागून घेतला, सल्ला मात्र एकदाही दिला नाही.