उस्तादांचा पांढरा सदरा

“मग काढा ना खोट, उस्ताद! आहे कुठे?”

हे विचारताना विश्राम धायगुडेची छाती चांगली वीतभर पुढे आली होती. आणि का येऊ नये? माळावर भंगार म्हणून गंजत पडलेलं लढाऊ विमान त्याने चार वर्षं राबून उभं केलं होतं. पंखांचा पत्रा, चाकं, कॉकपिटमधली घड्याळं, सगळं अगदी लढाईच्या काळात होतं तसं. मूळ रंग सापडावा म्हणून तो तासन्‌तास नखाने जुने थर खरवडत बसे. बायको म्हणायची, “लग्नात माझा शालू कुठल्या रंगाचा होता ते विचारलं, तर मात्र ह्यांची बोबडी वळेल!”

उद्या संग्रहालयाचं उद्घाटन. ‘मूळ अवस्थेतील लढाऊ विमान’ अशी पाटीही रंगवून तयार होती. पण विश्रामने ती अजून लावली नव्हती. खराडे उस्तादांनी पास केल्याशिवाय तो ती लावणारच नव्हता.

खराडे उस्तादांची सगळी नोकरी हवाई दलात, असलीच विमानं दुरुस्त करण्यात गेली. विश्रामला पाना धरायला शिकवलं ते त्यांनीच. त्यांच्या हाताखालून कितीतरी मेकॅनिक तयार झाले, पण त्यांच्या तोंडून ‘शाबास’ ऐकलेला माणूस काही अजून कुणाला भेटला नव्हता. विश्रामचा जीव त्या एका शब्दात अडकला होता.

कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले उस्ताद विमानाभोवती एक चक्कर मारून आले.

“रंग?”

“मूळचाच, उस्ताद.”

“रिव्हेट?”

“एकूण एक जुन्या मापाची. हाताने ठोकलीत.”

“हं…”

आणि म्हातारा सरळ फरशीवर उताणा झाला, नि सरपटत इंजिनाखाली गेला.

“अहो उस्ताद, सदरा!”

विश्राम नुसते त्यांचे पाय बघत उभा राहिला.

बऱ्याच वेळाने उस्ताद बाहेर आले. गुडघ्यावर हात टेकून उठले. आधी छाती दाखवली, मग वळून पाठ दाखवली.

“बघ.”

सदरा जसाच्या तसा पांढरा. तेलाचा एक ठिपका नाही.

“एकदम चकाचक ठेवलंय!” विश्राम खुलला.

“हीच खोट.”

“…म्हणजे?”

“उभा जन्म ह्या विमानांखाली गेला माझा. पांढरा बाहेर आलो, असं आज पहिल्यांदा झालं.”

विश्रामचा चेहरा उतरला. “तेल भरलेलं नाही, उस्ताद. ही इंजिनं गळतात, तुम्हीच सांगितलंय. उद्या मोठी मोठी माणसं येणार. नवी फरशी आहे…”

“फरशी?”

विश्राम बुटाच्या टोकाने फरशी घासू लागला.

“विश्राम. फरशी?”

विश्रामने मान खाली घातली. मग एकदम सगळं बाहेर पडलं.

“भीती वाटते, उस्ताद! इंजिन मी सुटं करून पुन्हा जोडलं, पण चालू करून बघायची छाती होत नाही. नाहीच सुरू झालं तर? चार वर्षं मातीत जातील. लोक म्हणतील, धायगुड्याने पत्र्याचं खेळणं केलं.”

भिंतीला टेकवलेली ती पाटी उस्तादांनी उचलली, अक्षरं भिंतीकडे करून ठेवली आणि म्हणाले,

“तेल भर.”

संग्रहालयाच्या कामगारांनी विमान शेडमधून ढकलत माळावर आणलं. तेल भरलं, पेट्रोल भरलं. इंजिनाच्या खालच्या भागात तेल साचलं असेल तर निघून जावं, म्हणून पुढचा पंखा आधी हाताने फिरवतात. ते काम उस्तादांनी स्वतः केलं, ह्या वयात, दमाने, एकेक पातं ओढत. मग ते बाजूला झाले. विश्राम कॉकपिटमध्ये चढला.

बटण दाबलं. पंखा दोन फेरे फिरला, इंजिन खोकलं… आणि गप्प.

विश्रामने खाली पाहिलं. उस्ताद हाताची घडी घालून उभे होते, जागचे हललेही नव्हते.

“बघतोस काय? दाब!”

त्याने दाबलं. भक्कन काळा धूर निघाला, आणि मग काय सांगावं महाराजा! सारा माळ दणाणला. शेडचे पत्रे थडथडले, धुळीचे लोट उठले, कामगारांच्या टोप्या उडाल्या. कॉकपिटमध्ये विश्राम वेड्यासारखा ओरडत होता, हसत होता, रडत होता. माझं विमान! माझ्या हातांनी जोडलेलं! त्या आवाजात त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं.

इंजिन बंद करून, पंखा पुरता थांबल्यावर तो खाली उतरला, तर उस्ताद पुन्हा विमानाखाली उताणे पडलेले!

टप्… टप्…

बाहेर आले तेव्हा पाठीला माळाची माती होती, आणि छातीवर तळहाताएवढा काळाकुट्ट डाग ओघळत होता.

“अरे देवा!” विश्राम रॉकेलचं फडकं घेऊन धावला. “काढा, काढा तो सदरा. वाळला तर हा डाग जन्मात निघायचा नाही. उद्या समारंभाला मानाच्या खुर्चीवर बसायचंय तुम्हाला!”

उस्तादांनी त्याचा हात बाजूला सारला. शेडमध्ये गेले. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली पाटी आणून त्याच्या हातात दिली. डागाकडे एकदा खाली मान घालून पाहिलं…

“हात लावू नकोस. उद्या हाच घालून येणार आहे.”