टिटवीची अंडी आणि गव्यांची वाट

मुलांनो, ही गोष्ट मला माझ्या थोरल्या आत्याने सांगितली. गोष्टीत गवे होते की रानम्हशी, याची आता खात्री देता येत नाही. आत्या असती तर विचारले असते. टिटवी मात्र नक्की होती, कारण आत्या तिचा आवाज काढून दाखवत असे. मी गवेच धरून चालतो. चुकत असेन तरी गोष्टीला बाध येणार नाही, असे वाटते.

एका दाट जंगलातल्या नदीकाठी एक टिटवी राहत असे. उन्हाळ्यात नदी आटून एका डोहापुरती उरली, तेव्हा तिने काठच्या गोट्यांमध्ये चार अंडी घातली. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच अंडी घालते. त्याच वाटेने रोज संध्याकाळी गव्यांचा कळप पाण्यावर येई. कळपाची म्होरकी एक वयस्क मादी होती. एकदा तिचा खूर पडला आणि एक अंडे फुटले. तिला ते कळलेही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी कळप दिसताच टिटवी उडाली आणि म्होरकीच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, "दुष्टे, आंधळे, तुला काळीज आहे की धोंडा?"

म्होरकी उचललेला पाय तसाच धरून थांबली. "बाई, कालपासून तू मला काय काय म्हणालीस, ते सगळ्या रानाने ऐकलं. पण तुझं म्हणणं काय, ते अजून कळलं नाही."

"माझी अंडी तुडवतेस आणि वर मलाच विचारतेस?"

"कुठे आहेत अंडी?"

"तुझ्या पायाखाली. इतकी ढळढळीत दिसताहेत की."

म्होरकीने मान खाली घालून निरखून पाहिले. "मला गोटे दिसतात," ती म्हणाली. "सगळे गोटेच."

टिटवीला वाटले, ही थट्टा करते आहे. पण म्होरकीचा उचललेला पाय थरथरत होता. एवढे वजन तीन पायांवर पेलून कोणी थट्टा करत नाही. टिटवी खाली उतरली आणि अंड्यांवर बसली. "इथे," ती म्हणाली. म्होरकीने पाय मागे घेतला.

"पण तुम्हाला हीच वाट हवी कशाला?" टिटवी अजून घुश्शातच होती. "पलीकडे एवढा सपाट चिखल आहे. मी रोज तिथूनच चालते."

"तू चालशील. त्या चिखलात खोल खड्डे आहेत, पाहिलेस?"

"पाहिले ना. त्यांतलंच पाणी पिते मी."

"ते आमच्या पायांचे आहेत. माझं वासरू तिथे रुतलं होतं. ढुशा देऊन देऊन बाहेर काढलं त्याला. मागे बघ, ते लंगडणारं."

टिटवीने मागे पाहिले. ते खड्डे कुणाचे, हे तिच्या मनातही कधी आले नव्हते.

त्यानंतर कळप आला की टिटवी उडत नसे. अंड्यांवर पंख पसरून बसून राही आणि गवे एकामागून एक तिला वळसा घालून जात. लंगडे वासरू सर्वांत शेवटी. तिन्ही पिल्ले बाहेर येऊन गोट्यांमधून तुरुतुरु पळू लागली, तेव्हा म्होरकीला ती पहिल्यांदा दिसली.

तात्पर्य : आपल्याला लख्ख दिसते ते दुसऱ्याला दिसत असेलच असे नाही, म्हणून दोष देण्याआधी आपले म्हणणे जवळ जाऊन सांगावे आणि त्याला काय दिसते, तेही विचारावे.

समोरची अंडी दिसणार नाहीत, हे मला पुष्कळ वर्षे पटत नव्हते. पुढे उतारवयात एका कोरड्या नदीपात्रात, पक्षी पाहायला नेणाऱ्या मित्राने मला दंडाला धरून थांबवले. अंडी माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर होती. त्याने बोट दाखवले, तरी मला आधी गोटेच दिसले.