न्हाणीघराची फरशी

आईसाहेब न्हाणीघरात घसरल्या! हाड मोडलं नाही, पण ओरडा असा केला की हत्तीखान्यातला हत्ती दचकला. हिंगणगडच्या राजे मानाजीरावांनी त्याच दुपारी हुकूम सोडला, "ती काळी फरशी उखडून फेका! न्हाणीघर नवं करा!"

फेकायला एक दिवस पुरला. नवं काय बसवायचं हे ठरवायला दोन महिने पुरले नाहीत. राजेसाहेबांना पाण्याची तोटी सिंहाच्या तोंडाची हवी, राणीसाहेबांना मोराच्या. आईसाहेब म्हणाल्या, "पाणी घंगाळातून घ्यावं, जनावराच्या तोंडातून नव्हे!" शेवटी सिंह बसला, मोर बसला आणि घंगाळही आलं. पण फरशी? ती तर एकच असणार! राजेसाहेबांना लाल, राणीसाहेबांना पांढरा संगमरवर, आईसाहेबांना हळदीसारखी पिवळी; तिन्हींचा एकेक नमुना वाड्यात येऊन पडला होता. तोवर सगळं राजघराणं पागेच्या हौदावर, कनातीआड आंघोळ करत होतं. घोडेसुद्धा वैतागले होते.

राजेसाहेबांनी सटवाजी पाथरवटाला बोलावलं.

"फरशी एकच. तिघांनाही पसंत पडली पाहिजे. आणि अशी पाहिजे, की दुसऱ्या कुठल्याही राजाकडे नसेल! चार दिवसांची मुदत. नाही जमलं, तर हत्यारं इथं ठेवायची आणि गाव सोडायचं!"

सटवाजी घरी आला तो मटकन बसला. "भिवरा, पोरी, बांध गठुडं. सात पिढ्या या गावात दगड फोडला, आता गावच सुटलं."

त्याची लेक भिवरा गल्लोगल्ली "टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ!" असं ओरडत फिरायची. गुळगुळीत झालेले पाटे, जाती छिन्नीसारख्या टाकीने ठोकून पुन्हा खरखरीत करून द्यायची. गाव सोडायचं? आईने लावलेला दारातला शेवगा गठुड्यात कसा बांधणार? पण दोन दिवस डोकं चालवूनही काही सुचेना.

तिसऱ्या दिवशी एका बाईने पाटा पुढे केला. "वाटण वाटलंच जात नाही गं, नुसता वरवंटा घसरतो. टाकून देऊ का?"

"टाकता कशाला? जरा ठोकला की नव्यासारखा होईल!" भिवरा म्हणाली, आणि तिची टाकी हातातच राहिली. पाट्याचं काम उरकून ती धावत सुटली ती थेट राजवाड्यामागच्या उकिरड्यावर.

चौथ्या दिवशी राजवाड्याच्या चौकात चार फरशा ओळीने मांडलेल्या होत्या. चारींवर ओली चादर. बाजूला तेलाची वाटी आणि शिकेकाईचं पातेलं. सटवाजी खांबाआड उभा.

"सरकार, पायांतले जोडे काढा," भिवरा म्हणाली. "पायांना तेल लावा. आणि डोळे शिकेकाईने माखून घ्या."

दिवाणजी ओरडले, "पोरी, शुद्धीवर आहेस का?"

"फरशी काय कोरड्या पायांनी, जोडे घालून वापरणार आहात, दिवाणजी?"

राणीसाहेब म्हणाल्या, "अगं पण डोळे मिटले तर रंग कसा दिसायचा?"

"राणीसाहेब, शिकेकाई डोळ्यांत गेल्यावर आपण कधी फरशीचा रंग बघितलाय?"

राणीसाहेबांना हसू आलं. त्यांनी निमूटपणे डोळे माखून घेतले. आईसाहेब मात्र अडून बसल्या. "मला पुन्हा पाडणार वाटतं!"

"मी हात धरते की, आईसाहेब. तुमच्याआधी मी पडेन."

भिवराने चादर ओढली. लाल फरशीवर राजेसाहेब असे सरकले, की दिवाणजींची पगडी त्यांच्या मुठीत आली. पांढऱ्यावर राणीसाहेब "अगं बाई!" म्हणत दासीच्या गळ्यात पडल्या. पिवळ्यावर आईसाहेबांनी नुसता अंगठा टेकला आणि मागे घेतला. "नको! हिचं लक्षण ठीक नाही!"

चौथ्या फरशीवर मात्र तिघंही पाय रोवून उभे राहिले.

"हीच!" राजेसाहेब म्हणाले.

"हीच बाई!" राणीसाहेब म्हणाल्या.

एका खोलगट जागी आईसाहेबांचा पाय फिरत राहिला. मग हळूच म्हणाल्या, "इथं पाट असायचा माझा. मानाजीला पायांवर घेऊन मी इथंच न्हाऊ घालायची." त्यांचे डोळे पाणावले, आणि ते काही शिकेकाईने नव्हे.

तिघांनीही तांब्याभर पाणी डोळ्यांवर मारलं आणि राजेसाहेबांनी खाली पाहिलं. काळा दगड! त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "ही तर मीच फेकायला लावलेली फरशी! उकिरड्यावरचा दगड राजाच्या पायाखाली?"

खांबाआड सटवाजीने डोळे गच्च मिटून घेतले.

"सरकार," भिवरा म्हणाली, "ती फक्त गुळगुळीत झाली होती. पाटा गुळगुळीत झाला म्हणून कुणी फेकतं का? मी रात्रभर बसून टाकी लावली."

"पण मी सांगितलं होतं, दुसऱ्या कुठल्या राजाकडे नसेल अशी फरशी हवी!"

"मग सांगा ना सरकार, दुसऱ्या कुठल्या राजाला त्याच्या आईने या दगडावर न्हाऊ घातलंय?"

राजेसाहेबांनी आईकडे पाहिलं, त्या दगडाकडे पाहिलं आणि एकदम खदखदून हसायला लागले. हसता हसता पुन्हा पगडी धरायला गेले, तसे दिवाणजी दोन पावलं मागे सरकले.

"जिंकलीस, पोरी! तुझा बाप आता कुठं जात नाही. तू काय हवं ते माग!"

"या तीन रंगीत फरशा द्या, सरकार."

"कशाला? घसरून पडायला?"

"छे! आमच्या मोरीच्या भिंतीला लावीन. भिंतीवर कोण चालतंय?"

राजेसाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी राणीसाहेबांकडे पाहिलं, राणीसाहेबांनी आईसाहेबांकडे.

"एक भिंत पांढरी!" राणीसाहेब ओरडल्या.

"एक पिवळी!" आईसाहेब म्हणाल्या.

"आणि एक लाल!" राजेसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "अरे, दोन महिने घोड्यांबरोबर आंघोळ केली, आणि हे एकालाही सुचू नये?" ते पोट धरून हसले, हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या हातात घातलं आणि दिवाणजींना म्हणाले, "तिन्ही फरशा हिच्या घरी पोचवा! आणि आधी आमचं पाणी तापवा!"